भंगारातून लेझर कटरचा बेड

घरी लेझर कटर बांधणाऱ्यांची आणि चाळीस वॅटचं चिनी मशीन (के-४०) आणून त्यात फेरफार करणाऱ्यांची पत्रं हल्ली नेमानं येतात. या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच भागाबद्दल होते: बेड, म्हणजे ज्या जाळीवर किंवा पट्ट्यांवर प्लाय, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक ठेवून कापायचं तो. विकतचा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा) बेड न घेता भंगारातून काय जमेल, हे बहुतेकांना हवं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझ्याकडे के-४० आहे, कापायची जागा ३०० बाय २०० मिमी. सोबत आलेला स्प्रिंगचा चिमटा काढून टाकला. घरात जुन्या फ्रिजचं तारेचं शेल्फ, बिघडलेल्या ओटीजीची (छोट्या विजेच्या ओव्हनची) जाळी आणि कूलरचं हनीकोंब पॅड पडलं आहे. यातलं काय वापरू? — धायरी

ओटीजीची जाळी वापरा. बाकीची दोन्ही बाजूला ठेवा.

बेडनं माल सपाट धरायचा असतो आणि खालून धूर ओढू द्यायचा असतो, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. मालातून आरपार गेलेला किरण त्यानं पुन्हा वर पाठवायचा नाही आणि स्वतः पेटायचं नाही, हे मात्र भंगार निवडताना विसरायला होतं, कारण आपण आकार बघतो, वरचा थर बघत नाही. कूलरच्या पॅडचंच घ्या. दिसायला हनीकोंब, प्रत्यक्षात रेझिन लावलेला कागद. पहिल्याच आरपार कापाला तो पेटू शकतो. फ्लश दरवाजाच्या पोटातली षटकोनी जाळीही बहुतेक वेळा कागदाचीच असते, तीही नको.

फ्रिजच्या शेल्फच्या तारेवर बहुधा पांढरा प्लास्टिकचा थर असतो. तो पीव्हीसीचा असेल तर किरण लागल्यावर हायड्रोजन क्लोराइड सुटतो, हवेतल्या दमटपणाशी मिसळून त्याचं आम्ल होतं. ते रेल्सना गंज आणतं, लेन्स आणि आरसे खराब करतं, आणि त्याआधी तुमच्या घशाचा समाचार घेतं. थर कशाचा आहे हे तपासायचं असेल तर तांब्याची जाड तार पक्कडीत धरून गॅसच्या टॉर्चवर लाल होईपर्यंत तापवा, ज्योत स्वच्छ निळी दिसू लागली की ती तार थराला टेकवा आणि चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. हे उघड्या गच्चीत, वाऱ्याकडे पाठ करून, नखाएवढ्या तुकड्यावर करा. ज्योत हिरवी झाली नाही म्हणजे थर चालेल असं नाही. पॉलिथिनही जळतं, वितळून ठिबकतं. थर काढायचाच असेल तर पातं आणि वायर ब्रशनं खरवडून काढा, जाळून काढू नका. इतक्या मेहनतीनं हाती येणार ती एक साधी तार, हे ध्यानात घेऊन काय ते ठरवा.

फ्रिजच्या मागच्या काळ्या जाळीबद्दलही दोघा-तिघांनी विचारलं आहे. तिला हात लावू नका. ती पोकळ नळी आहे, आत रेफ्रिजरंट असतं, आणि अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये ते आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, ज्वलनशील वायू.

ओटीजीच्या जाळीला क्रोमचा मुलामा असतो, तो चालतो. जाळी उलटसुलट करून बघा: आडव्या तारा चौकटीच्या तारेवर एका बाजूनं वेल्ड केलेल्या असतात. ती बाजू वर ठेवायची, म्हणजे माल तारांवर टेकतो, चौकटीवर नाही. मग स्टीलची पट्टी आडवी, उभी, तिरकी टेकवून खालून प्रकाश बघा. अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तेवढी तार हातानं वाकवून घ्या. भट्टीत तापून मधोमध खोलगट झालेल्या जाळ्या पुष्कळ मिळतात, त्या घेऊ नका. तारांमधली मोकळी जागा २०-२५ मिमी असते, त्यामुळे कानातल्यांसारखे छोटे तुकडे खाली पडणार. खाली ट्रे हवाच, त्याबद्दल पुढे येईल.

आणि हो, जीआय (झिंकचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) जाळीच्या झिंकची भीती बऱ्याच जणांनी घातली आहे. झिंकचा धूर होतो तो वेल्डिंगच्या आचेला. चाळीस वॅटचा किरण मालाखाली पोचेपर्यंत विस्कटलेला असतो आणि उघड्या धातूवरून बराचसा परततो. जीआयवर कापायला हरकत नाही. जीआयची चौकट वेल्ड करणार असाल तर मात्र सांध्याजवळचा मुलामा आधी घासून काढा.

भोसरीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये काम करतो. हॅकसॉची वापरलेली ब्लेड ढिगानं पडलेली असतात. त्यांचा पट्ट्यांचा बेड होईल का? सगळी ब्लेड एका पातळीत कशी आणायची? — भोसरी

होईल, आणि के-४० च्या आकाराला याच्याइतका सोयीचा फुकट माल दुसरा नाही. कारण १२ इंची ब्लेडच्या दोन छिद्रांमधलं अंतर ३०० मिमी ठरलेलं असतं. रुंदी साधारण १२.५ मिमी, जाडी ०.६५ च्या आसपास. म्हणजे कापायचं-मोजायचं काम कारखान्यानं आधीच केलेलं आहे. मशीनच्या पोटात ब्लेडची टोकं धरून जागा पुरते का, तेवढं आधी मोजा.

लागणारं सामान: एकाच कंपनीची १२ सरळ ब्लेड, एम-३ चे आटेवाले दांडे २५० मिमीचे २, त्यांना नट आणि वॉशर, आणि ६ मिमी बाहेरच्या व्यासाच्या अ‍ॅल्युमिनियम नळीचे २० मिमी लांबीचे २२ तुकडे. जुन्या टीव्ही अँटेनाच्या बारीक नळ्या यासाठी उत्तम. १२ ब्लेड, मध्ये ११ फटी, दोन्ही टोकांना मिळून २२ तुकडे आणि खोली साधारण २२० मिमी, असा हिशेब आहे. चौकटीला स्लायडिंग खिडकीच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचे चार तुकडे घ्या.

ब्लेड निवडताना डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेत बघा. बाक आलेलं, पीळ बसलेलं ब्लेड बाजूला. दाते झिजले आहेत की नाहीत याला इथे काही अर्थ नाही, कारण दाते खाली जाणार. वर येणार ती सपाट पाठ. तिच्यावरचा रंग वरच्या ३-४ मिमीत पॉलिश पेपरनं काढून टाका, नाहीतर पहिले काही दिवस रंग जळल्याचा वास आणि मालाच्या खाली डाग. खालचा रंग राहू द्या, पावसाळ्यात तोच गंज अडवतो. ब्लेडना भोक पाडायच्या किंवा वाकवून सरळ करायच्या फंदात पडू नका. संपूर्ण कडक ब्लेड काचेसारखं तडकतं आणि तुकडा सरळ डोळ्याकडे येतो.

आता पातळी. ब्लेडचं छिद्र साधारण ४ मिमी असतं आणि दांडा मुद्दाम ३ मिमीचा घेतला आहे. तो ढिलेपणा आपल्याला हवा आहे. दांड्यावर ब्लेड, नळी, ब्लेड, नळी असं सगळं ओवून नट हातानं बसवा, घट्ट करू नका. मग पूर्ण सांगाडा उलटा करून, म्हणजे दाते आकाशाकडे करून, जाड काचेवर ठेवा. जुन्या टीपॉयची ८-१० मिमीची काच असेल तर छान. प्रत्येक ब्लेड दोन्ही टोकांना बोटानं काचेवर दाबा, ओल्या कापडात गुंडाळलेलं वजन वर ठेवा, आणि आता नट एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असे थोडे थोडे आवळत जा. एकच बाजू करकचून आवळली की सगळी रांग तिरकी होते. वजन काढल्यावर सांगाडा काचेवर डुगडुगला नाही की झालं. नळ्यांची लांबी मिलिमीटरभर कमीजास्त असली तरी फरक फक्त अंतरात पडतो, उंचीत नाही. त्यामुळे २२ तुकडे हातकरवतीनं कापले तरी चालतं, फक्त टोकं काटकोनात घासा.

दांड्यांची टोकं छोट्या एल-पट्ट्यांनी चौकटीला धरा. ब्लेडच्या मध्यावर खालून एक आडवी पट्टी द्या, तिला प्रत्येक ब्लेड येतं तिथे खाच पाडा, म्हणजे ब्लेड आडवी हलणार नाहीत. चौकट मशीनच्या तळावर तीन एम-६ बोल्टवर उभी करा, चारवर नाही. तीन टेकूंवर कुठलीही चौकट बसते. चौथा टेकू एकतर अधांतरी राहतो किंवा चौकटीला पीळ देतो.

एवढं झाल्यावर बरेच जण पाणसळ काढतात. ती परत ठेवून द्या. बेड जमिनीशी नाही, लेझरच्या हेडशी समांतर हवा. हेडला चिकटपट्टीनं एक बोल्ट लटकवा, बेडवर चार कोपऱ्यांत आणि मध्यावर नेऊन बोल्टच्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. सगळीकडे कार्ड सारखंच अडखळत गेलं पाहिजे. ५०.८ मिमीच्या लेन्सला फोकसची माया एक-दीड मिलिमीटरची. बेडनंच त्यातला एक खाल्ला तर ५ मिमी प्लाय एका कोपऱ्यात सुटतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात चिकटून राहतो. लोक मग पॉवर वाढवतात, आरसे फिरवत बसतात. दोष बेडचा असतो.

अ‍ॅक्रिलिक कापल्यावर खालच्या बाजूला ठिपके आणि धुरकट रेघा येतात. बेड स्टेनलेसच्या चकचकीत छिद्रांच्या पत्र्याचा आहे. — कात्रज

पत्रा बदला. छिद्रांमधली सपाट जागा जितकी जास्त, तितका किरण परत वर येऊन अ‍ॅक्रिलिकच्या पोटाला भाजतो. ठिपके नीट बघितलेत तर ते छिद्रांच्या मधल्या जागांशी जुळतील. रेघा धुराच्या असतात: खाली वाट नसली की वाफ मालाच्या तळाशी पसरते आणि तिथेच थिजते.

अ‍ॅक्रिलिकला वर दिलेला ब्लेडचा बेडच बरा, आणि त्यातही कापाच्या रेषेखाली येणारी एक-दोन ब्लेड काढता आली तर आणखी बरं. पत्राच ठेवायचा असेल तर माल पत्र्यावरून १० मिमी उचलून घ्या. अ‍ॅक्रिलिकचेच छोटे तुकडे टेकू म्हणून चालतात, फक्त ते कापाच्या वाटेत येऊ देऊ नका. मालासोबत येणारा कागद खालून काढायचा नाही, वरचा काढला तरी चालेल.

उलट पातळ कागद, सुती कापड, फेल्ट यांना ब्लेडचा बेड उपयोगाचा नाही, माल दोन ब्लेडच्या मध्ये झोळीसारखा लोंबतो. त्यांच्यासाठी ब्लेडवर बारीक एक्सपांडेड (पत्रा चिरून ताणलेली) जाळी टाका. एकच बेड सगळ्याला चालवण्याचा हट्ट धरू नये.

जुना थ्रीडी प्रिंटर, दोन इंकजेट, एक स्कॅनर आणि ऑफिसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मिळाला आहे. यातून वरखाली होणारा बेड करायचा आहे. स्क्रू चार लावू की दोन? मोटर कुठली? — पिंपरी

आधी एक प्रश्न तुम्हालाच: वरखाली कशाला हवा? ३ आणि ६ मिमी या दोनच जाडीत काम असेल तर ३ मिमीचे तीन टेकू चौकटीखाली सरकवले-काढले की भागतं. मोटरचा बेड शोभतो खरा, पण बिघडण्याच्या जागा वाढतात. वेगवेगळ्या जाडीचं, तयार डब्यांवर किंवा फळ्यांवर कोरण्याचं काम असेल तरच त्या वाटेला जा.

जायचंच असेल तर स्क्रू तीन. दोन पुढच्या कोपऱ्यांत, एक मागे मधोमध. चार स्क्रूंत एका पुलीचा एक दाता जरी उडला तरी बेडला पीळ पडतो आणि नट अडकून बसतात. थ्रीडी प्रिंटरचा टी-८ स्क्रू (८ मिमी जाडीचा आटेवाला दांडा) घेण्यापूर्वी त्याची चाल मोजा: नट एक फेरा फिरवून किती सरकतो? ८ मिमी सरकला तर तो चार आट्यांचा आहे, वीज गेली की बेडच्या वजनानं स्वतःच फिरून खाली येऊ शकतो. २ मिमी सरकणारा एकेरी आट्याचा असेल तर जागेवर राहतो. पण प्रिंटरमध्ये असे स्क्रू एक किंवा दोनच निघतात आणि आपल्याला तीन सारखे हवेत. म्हणून आमचा कौल साध्या एम-६ आटेवाल्या दांड्याला: चाल बरोबर १ मिमी, म्हणजे एक फेरा एक मिलिमीटर, हिशेबाची कटकट नाही. एम-८ ची चाल सव्वा मिलिमीटर येते, ती हातानं फिरवताना डोक्याला ताप देते.

तिन्ही दांड्यांवर २० दात्यांची जीटी-२ (दर २ मिमीला एक दाता असलेली) पुली लावून एकच बंद बेल्ट फिरवायचा. बेल्टची लांबी = त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज + ४० मिमी, कारण २० दात्यांची पुली म्हणजे ४० मिमी घेर. समोरचं अंतर ३०० आणि मागचा स्क्रू २०० मिमी आत असेल तर तिरक्या बाजू प्रत्येकी २५०, बेरीज ८००, बेल्ट ८४०. मोटर आणि ताण देणाऱ्या आयडलरमुळे वाट थोडी लांबते, म्हणून आधी मिळणारा तयार बंद बेल्ट घ्या आणि मग आयडलरची जागा ठरवा. उलटं करणाऱ्याला बाजारात नेमकी लांबी कधी मिळत नाही. उघडा बेल्ट चिकटवून भागवू नका. ३० मिमी उंचीसाठी ३० फेरे, म्हणजे १२०० मिमी बेल्ट सरकणार, सांधा पुलीवरून जाणारच आणि तिथेच सुटणार.

मोटर इंकजेटमधली नको. त्यात बहुतेक साध्या डीसी मोटरी असतात, त्यांची जागा पारदर्शक पट्टीवरच्या बारीक रेघा वाचून कळते. स्टेपर, म्हणजे पायरी-पायरीनं फिरणारी मोटर, मिळेल थ्रीडी प्रिंटरमध्ये (नेमा-१७ मापाची, फेऱ्याला बहुधा २०० पायऱ्या), डॉट मॅट्रिक्समध्ये आणि स्कॅनरमध्ये. स्कॅनरची फार अशक्त असते, ती राहू द्या. चार वायरींपैकी कोणत्या दोन एका कॉइलच्या, हे मीटरशिवायही कळतं: दोन-दोन वायरी एकमेकींना टेकवून दांडा बोटानं फिरवा. एकाच कॉइलच्या असतील तर फिरवणं एकदम जड जातं.

डॉट मॅट्रिक्सचं खरं धन म्हणजे त्यातला जाड घासलेला पोलादी दांडा. त्याचे दोन तुकडे बेडला सरळ वरखाली नेणारे मार्गदर्शक म्हणून लावा. तीन नको, दोनच, आणि दुसऱ्याचं भोक किंचित लांबट ठेवा. दोन्ही भोकं घट्ट असली की बेड मध्येच रुततो.

जुन्या किचन चिमणीचा ब्लोअर बेडखाली लावला तर? सध्या कॉम्प्युटरचे चार पंखे लावलेत, धूर जात नाही. — वारजे

कॉम्प्युटरचा पंखा मोकळ्यात भरपूर हवा ढकलतो, पण पाइप जोडला की त्याचा दम संपतो, चार लावले तरी. चिमणीतला गोल पिंजऱ्याचा ब्लोअर पाइपचा अडथळा सोसतो, तो लावा. मात्र आधी पूर्ण उघडून पिंजरा आणि आवरण गरम पाणी, साबण आणि रॉकेलनं तेलकटपणा जाईपर्यंत धुवा, आणि रॉकेल पुरतं उडून जाईपर्यंत सुकवा. वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचं तेल आत साचलेलं असतं आणि आपण त्यातून ठिणग्या ओढणार आहोत. मोटरवर पाणी जाऊ देऊ नका.

ब्लोअर मशीनला नाही, खिडकीच्या टोकाला बसवा. म्हणजे घरातला सगळा पाइप ओढीखाली राहतो आणि सांध्यातून धूर बाहेर यायच्याऐवजी हवा आत जाते. बेडखाली निदान २५ मिमी मोकळी जागा हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मालानं न झाकलेला बेड झाका. ३०० बाय २०० च्या बेडवर पोस्टकार्डाएवढा तुकडा कापताना सगळी हवा मोकळ्या जागेतून शिरते, कापाखालून नाही. झाकायला ऑफसेट छपाईच्या वापरलेल्या प्लेट घ्या. नारायण, सदाशिव, शनिवार पेठेत छापखाने आहेत, तिथे या प्लेट भंगारात निघतात. ०.१५ ते ०.३ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा, कात्रीनं कापला जातो. शाईची बाजू रॉकेलनं पुसून खाली करा. त्याच प्लेटच्या कडा १५ मिमी वर दुमडल्या की बेडखालचा ट्रे तयार होतो. पुठ्ठ्यानं झाकू नका, इतकं सांगायला लागू नये, पण पत्रांत तेही आलं आहे.

पावसात एमडीएफ फुगतो, बाक येतो. हार्ड डिस्कमधल्या चुंबकांनी दाबून धरता येईल का? — सिंहगड रस्ता

येईल, बेड लोखंडी असेल तर. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवर चुंबक धरत नाही. तिथे जाळीखाली लोखंडी पट्टी द्या किंवा भोकांत खोचायच्या प्लायच्या खुंट्या कापून घ्या.

साडेतीन इंची डिस्कचं झाकण ताऱ्यासारख्या खाचेच्या टॉर्क्स स्क्रूंनी बसवलेलं असतं, टी-८ चा बिट लागतो, काही ठिकाणी टी-९ किंवा टी-६. चुंबक लोखंडी पट्टीला चिकटवलेलं असतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की तडकतं. पट्टीच दोन पक्कडींत धरून वाकवा, चुंबक आपोआप सुटतं. चष्मा घाला. निकेलचा मुलामा उडालेलं चुंबक दमट हवेत भुगा होतं, ते घेऊ नका. दोन चुंबकं एकमेकांवर आदळली की मधलं बोट चेंगरतं, लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि पेसमेकर असलेल्या माणसापासून लांब ठेवा. चुंबकाची उंची हेडच्या नोझलपेक्षा कमी आहे ना, ते हेड रिकामं फिरवून बघा.

माझा निळा डायोड लेझर आहे, १० वॅटचा, उघड्या चौकटीचा. खाली कडप्प्याचा तुकडा ठेवला तर बेड लागणारच नाही ना? — हडपसर

कडप्पा सपाट असतो, जळत नाही, टेबल वाचवतो. इतपत ठीक. पण त्यावर माल थेट ठेवला तर धुराला वाटच नाही, प्लायची खालची बाजू काळी पडणार. कडप्पा तळाला ठेवा आणि त्यावर ब्लेडचा सांगाडा. टाइलचा चकचकीत तुकडा किंवा आरसा खाली नको.

उघड्या चौकटीत हाच मुद्दा डोळ्यांवर येतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा किरण ब्लेडच्या उघड्या पाठीवरून उसळतो आणि साध्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो. के-४० सारख्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरचा १०.६ मायक्रॉनचा किरण त्याच अ‍ॅक्रिलिकमध्ये अडतो. म्हणून के-४० वाल्या मित्राचं पारदर्शक झाकण किंवा चष्मा तुम्हाला उपयोगाचा नाही. तुमच्या तरंगलांबीचा आकडा छापलेला नारिंगी चष्मा घ्या, खोलीतल्या प्रत्येकाला.

पुण्यात हे सामान नेमकं कुठे शोधायचं? — अनेक वाचक

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. दांडे, बेअरिंग, मोटरी, सुटे प्रिंटर तिथे बघा, पण चुंबक आणि स्टीलची पट्टी खिशात घेऊन जा: चुंबक लोखंड की अ‍ॅल्युमिनियम सांगतं, पट्टी सरळ की वाकडं. दांडा सपाट फरशीवर लोळवून घ्या, डुगडुगला तर परत ठेवा. चिमणीचा ब्लोअर नसेल तर गाडीच्या हीटरचा, तो नाना पेठेत जुन्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत. बेल्ट, पुली, वायर यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, नट-बोल्ट आणि आटेवाले दांडे बोहरी आळीत. हे सामान भंगारात शोधण्यात वेळ घालवू नका, नवेच घ्या. खिडकीचे सेक्शन तुमच्या भागातल्या कुठल्याही अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडे पडलेले असतात.

ऑफिसं एलईडीवर गेली तसे जुने दोन बाय दोन फुटांचे आरशासारख्या पाखांचे ट्यूबलाइटचे दिवे भंगारात आले आहेत. त्यांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बेडला चांगल्या, पण काहींत चकाकी चढवलेलं प्लास्टिक असतं. कोपरा पात्यानं खरवडून बघा. आतल्या ट्यूब फोडू नका, त्यात पारा असतो.

बेडवर एमडीएफची काळी चिकट राळ बसली आहे. कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवू का? — आकुर्डी

ब्लेडचा किंवा ओटीजीच्या जाळीचा बेड असेल आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट, नळ्या सुट्या करता येत असतील तर चालेल, हातमोजे आणि चष्मा घालून. अ‍ॅल्युमिनियमचा हनीकोंब असेल तर अजिबात नाही: कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो, जाळी कागदासारखी होईल. ओव्हन साफ करायच्या काही फवाऱ्यांतही तोच असतो, बाटली वाचा. अ‍ॅल्युमिनियमला कढत पाणी, भांड्यांचा साबण, रात्रभर भिजत आणि सकाळी नायलॉनचा ब्रश. राळ साचू देणं हे मात्र दिसण्यापुरतं नाही. घरच्या मशीनला आग लागते ती बहुधा बेडवरच्या राळेला आणि ट्रेमधल्या चुऱ्याला. ट्रे रोज झटका.

नवा लोखंडी बेड बसवल्यापासून त्याला हात लागला की झिणझिण्या येतात. — चिंचवड

मशीन आत्ताच बंद करा. के-४० च्या ट्यूबला हजारो व्होल्ट जातात आणि तुमच्या बेडला अर्थिंग नाही, किंवा घरच्या सॉकेटलाच नाही. आधी सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मग मशीनची पिन काढून, मीटर ओममध्ये ठेवून बेड आणि पिनची जाड अर्थ यांमध्ये मोजा: एक ओमपेक्षा कमी हवं. जास्त आलं तर बेडच्या चौकटीवरचा रंग नाण्याएवढा खरवडून, दातेरी वॉशर घालून, हिरवी वायर मशीनच्या अर्थच्या बोल्टला जोडा. बेड टेकूंवर वरखाली होणारा असेल तर वायर लांब आणि मऊ ठेवा, बोल्टच्या आट्यांतून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका. न्यूट्रलला जोडायचं नाही. हाय व्होल्टेज सप्लायचं झाकण उघडायचं नाही, पिन काढल्यावरही त्यात भार राहू शकतो. वायर जोडल्यावर पुन्हा मोजा, आणि आकडा एक ओमच्या खाली येईपर्यंत पिन सॉकेटमध्ये घालू नका.